येते, असं सांगून

आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटला बेल होती आणि ती चालूही होती. तरी त्या सकाळी दार वाजलं ते मुठीनं. तीनदा, मग थोडं थांबून परत दोनदा. दोन हजार सालचा जानेवारी होता. प्रबोध, माझे यजमान, बँकेत निघून गेले होते. रुचिर नुकताच पहिलीत गेला होता आणि त्याची शाळा दुपारची, त्यामुळे तो फरशीवर पालथा पडून गृहपाठ करत असल्याचं दाखवत होता. मी भेंड्या पुसत होते. सिंगापूरला येऊन सहा महिने झाले होते आणि एवढ्या काळात आमच्या दाराशी आलेली माणसं म्हणजे मीटरवाला आणि एकदा चुकून आलेला पिझ्झावाला.

जाळीच्या दारापलीकडे एक बाई उभी होती. चाळिशीला टेकलेली, सुती पंजाबी ड्रेस, ओले केस, हातात क्लिप लावलेली पाटी आणि तिच्यावर कागद.

"मराठीच ना?" तिनं विचारलं. "काल लिफ्टमधून उतरताना गोड्या मसाल्याचा वास आला. म्हटलं, हे काही गुजराती घर नव्हे."

मी दार उघडलं. ती आत आली, चपला काढल्या, आणि बसायच्या आधीच माझ्यापुढे पाटी धरली. "मी सुलभा परुळेकर. नवव्या मजल्यावर राहते. माझी मैत्रेयी तुझ्या मुलाच्याच शाळेत आहे, दुसरीत. एक सही हवी. वाचून कर हं, न वाचता करू नकोस."

अर्ज असा होता. इथल्या शाळेत मातृभाषेचा तास असतो. त्या तासाला चिनी मुलं चिनीच्या वर्गात जातात, मलय मुलं मलयच्या, तमिळ मुलं तमिळच्या. मराठी त्या यादीतच नाही, म्हणून आपण सगळे मुलांच्या नावापुढे हिंदी लिहून मोकळे होतो. पण शाळेत हिंदीच्या बाईही नव्हत्या. हिंदी शिकायची ती शनिवारी, दुसऱ्याच एका शाळेत जाऊन. मग रोजच्या मातृभाषेच्या तासाला अशी हिंदी लिहिलेली सात मुलं कँटीनमध्ये बसवत.

"परवा कँटीन धुवायला घेतलं," सुलभाताई म्हणाल्या. "धुणाऱ्या बाईनं पोरांना सांगितलं, पाय वर घ्या. तास संपेपर्यंत सातही जणं पाय वर घेऊन बसली. मैत्रेयी घरी येऊन मला म्हणते, मम्मी, टुडे मदर टंग पिरियड व्हेरी वेट, लाह."

वाक्याला इथलं लाहचं शेपूट लावलेलं ऐकून मला हसू आलं. त्यांनाही आलं. पण सही होईपर्यंत त्यांनी पाटी सोडली नाही.

"मुख्याध्यापक ऐकतील?"

"त्यांना सांगायचं नाही, विचारायचं. ही मुलं कुठे बसलेली तुम्हाला आवडतील, एवढंच विचारायचं."

पंधरा दिवसांत मुलांना वाचनालयाचा एक कोपरा मिळाला आणि आम्हा आयांना आळीपाळीनं गोष्ट वाचून दाखवायचं काम. पुढच्या वर्षी सुलभाताईंना शाळेच्या सल्लागार समितीवर घेतलं. त्या समितीत तोवर दुकानदार, कारखानदार, एक निवृत्त डॉक्टर, असे सगळे पुरुषच. सुलभाताई सांगलीच्या, गणितातल्या बी.एस्सी. इथे येऊन शिकवण्या करायच्या. पहिल्या बैठकीला नारायणपेठ नेसून गेल्या आणि परत आल्यावर मला म्हणाल्या, "सगळ्यांनी मला चहा कुठे ठेवलाय ते विचारलं."

"मग?"

"मलाही माहीत नव्हतं. सगळ्यांनी मिळून शोधला. ओळख झाली."

त्या काळात सुलभाताईंचं निम्मं बोलणं एकाच शब्दसमूहानं सुरू व्हायचं: पद्माकर जमिनीवर आला की. पद्माकर परुळेकर, त्यांचे यजमान, मूळचे वेंगुर्ल्याचे, तेलवाहू जहाजांवर इंजिनिअर. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. पद्माकर जमिनीवर आला की बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांड्या बदलायच्या. पद्माकर जमिनीवर आला की मैत्रेयीला पोहायला शिकवायचं. पद्माकर जमिनीवर आला की रात्री कुकर लावायचा, कारण दोघींपुरता भात कुकरमध्ये लागतो. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्यांनी एकदा मोजून पाहिलं तर एका घरात मिळून काढलेली साडेतीनच भरली. दोघांचं ठरलेलं होतं: मैत्रेयी माध्यमिक शाळेत स्थिरावली की त्यांनी जहाज सोडायचं आणि मग चारचौघांसारखं राहायचं. सुलभाताईंनी यापलीकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. समिती वगैरे ती वाट पाहताना केलेली कामं होती. कुणी विणकाम करतं, तसं.

आता गोह आंटींचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या दारातून सुरू झालं.

गोह आंटी आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या, एकट्यानंच नातवाला सांभाळणाऱ्या. नातू शाळेत यायचा बंद झाला होता, म्हणून समितीच्या वतीनं सुलभाताई चौकशीला गेल्या आणि मला सोबत नेलं. पोराला कांजिण्या आल्या होत्या, बाकी काही नव्हतं. आंटींना शाळेत फोन करायला जमला नव्हता. सुलभाताईंनी शाळेची चिठ्ठी लिहून दिली आणि उठताना, आपण म्हणतो तसं, त्या सहज म्हणाल्या, "ओके आंटी, आय कम, हं."

येते. मराठी बाई दुसरं काय म्हणणार? कुणाच्या घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं. त्याचं इंग्रजी करताना शब्द तेवढा पलीकडे गेला आणि रिवाज मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टमध्ये गोह आंटी मला भेटल्या. जरा रागातच होत्या. "युअर फ्रेंड से शी कम," त्या म्हणाल्या. "आय कुक बार्ली. आय वेट. नोबडी कम."

मी नवव्या मजल्यावर जाऊन सांगितलं. सुलभाताई शिकवणी अर्धी टाकून उठल्या. "अगं, मी येते म्हणाले म्हणजे..." असं म्हणून त्या थांबल्या, आणि मग डोक्यावर हात मारून घेतला. "आता तिला व्याकरण काय समजावू? चल, बार्ली पिऊ." आम्ही दोघी चौथ्या मजल्यावर गेलो, गार झालेलं बार्लीचं पाणी प्यायलो, आणि निघताना सवयीनं त्या पुन्हा तेच म्हणाल्या. माझ्याकडे पाहून त्यांनी जीभ चावली. म्हणजे आता परवा परत जाणं आलं.

तेव्हापासून त्यांनी स्वतःला नियमच घालून घेतला. तोंडून येते गेलं की जायचं. इंग्रजीत दुसरं काहीतरी म्हणून पाहा, असं मी सुचवलं होतं. त्यांनी दोन दिवस बाय-बाय म्हणून पाहिलं. "कुणाला तरी कायमचं टाकून आल्यासारखं वाटतं गं," म्हणाल्या. मग परत येते. ब्लॉकमधली माणसं बोलायला लागली की ही इंडियन बाई येते म्हणते आणि खरंच येते. रहिवासी समितीवर त्यांना घेतलं. बंद पडलेली लिफ्ट, कबुतरांची घाण, वरच्या मजल्यावरून पडणारं कपड्यांचं पाणी, सगळ्याला सुलभाताई. मलाही त्यांनी ओढलं. "तुझं इंग्रजीत बी.ए. झालंय, पत्रं तू लिही. मी बोलेन."

दोन हजार तीनला सार्सची साथ आली. शाळा बंद झाल्या, लोक लिफ्टची बटणं किल्लीनं दाबायला लागले. घरोघर थर्मामीटर वाटायचे होते. सुलभाताई रुमाल बांधून मजल्यामागून मजले चढल्या आणि प्रत्येक दारात येते म्हणाल्या, म्हणजे प्रत्येक दारात पुन्हा गेल्या. लोक त्या वेळी सख्ख्या बहिणीलाही घरात घेत नव्हते.

त्याच एप्रिलमध्ये पद्माकररावांचं जहाज इंधन घ्यायला सिंगापूरच्या किनाऱ्याबाहेर दोन दिवस थांबलं. कंपनीचा हुकूम होता की कुणी उतरायचं नाही. सिंगापूरच्या मातीला पाय लावलेला माणूस जहाजावर असेल तर पुढचं बंदर जहाजाला आत घेणार नव्हतं. म्हणजे नवरा डोळ्यासमोर आणि मध्ये तीन-चार मैल पाणी.

आम्ही दोघी मैत्रेयीला घेऊन ईस्ट कोस्टला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. समुद्रात क्षितिजापर्यंत जहाजं उभी, एकासारखं एक. मोबाइल लागत होता.

"तुझं कुठलं?" सुलभाताई फोनवर विचारत होत्या. "काळ्या बुडाचं? अरे, सगळीच काळ्या बुडाची आहेत... डावीकडून मोजू? कुणाच्या डावीकडून, तुझ्या की माझ्या?"

सातवं की आठवं, यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी मैत्रेयीनं फोन घेतला आणि म्हणाली, "पप्पा, जस्ट वेव्ह, कॅन?" त्यांनी हात केला असणार. आम्ही तिघींनी सगळ्याच जहाजांना हात केला. मग नवराबायको तासभर बोलली. वॉशिंग मशीनचा आवाज कसा येतो ते सुलभाताईंनी तोंडानं करून दाखवलं आणि पलीकडून त्यांनी कुठला पट्टा सैल झालाय ते सांगितलं. कुठलीही दोन माणसं घरात बोलतात तसंच. फोन ठेवताना पद्माकरराव म्हणाले असणार येतो, कारण सुलभाताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि समुद्राकडे पाठ करून म्हणाल्या, "ह्याच्या येतोला नऊ महिने लागतात. आणि गोह आंटी एका दिवसात रागावते."

सुलभाताईंनी तोवर इथलं नागरिकत्व घेतलं होतं, आणि दोन हजार पाच साली त्यांना चहाला बोलावणं आलं. इथल्या सत्ताधारी पक्षाची ही रीत. चांगलं काम करणाऱ्या माणसाला मोठे लोक चहाला बोलावतात, गप्पा मारतात, न्याहाळतात. आवडला तर परत बोलावतात. कशासाठी ते कुणी स्पष्ट सांगत नाही, सगळ्यांना कळतं.

"कांदेपोहेच गं हे," सुलभाताई माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून म्हणाल्या. "पंचेचाळिसाव्या वर्षी परत. समोर सहा जण बसले होते. एकानं विचारलं, छंद काय?"

"काय सांगितलंत?"

"वाट पाहणं, म्हणजे वेटिंग अँड वॉचिंग. मग त्यांना वाटलं, बर्ड वॉचिंग म्हणाले."

तीन वेळा चहा झाला. मग त्यांनी पद्माकररावांना जहाजावर फोन लावला. उपग्रहावरून जाणारा आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होती. त्यांनी नको म्हणावं अशी सुलभाताईंची इच्छा होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा विचारल्यासारखा होता खरा. ते म्हणाले, "करून टाक. मी जमिनीवर येईपर्यंत तुझी निम्मी मुदत संपलेली असेल."

दोन हजार सहाच्या मे महिन्यात निवडणूक आली. आमच्या भागात ती झालीच नाही. पाच-सहा जणांचा मिळून एक गट उभा राहतो, त्या गटासमोर कुणी अर्जच भरला नाही. अर्ज भरायच्या दिवशीच दुपारी साडेबारा वाजता जाहीर झालं की सुलभा परुळेकर खासदार. शाळेच्या कँटीनपासून संसदेपर्यंत आली बाई, आणि ज्यांच्या दारात ती एवढी चढली-उतरली त्यांना एक मत द्यायची संधी मिळाली नाही. गोह आंटी ओळखपत्र घेऊन तयार बसल्या होत्या. त्यांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

पहिल्याच महिन्यात पक्षाच्या एका चुणचुणीत मुलीनं सुलभाताईंना समजावलं की मॅडम, आय कम म्हणू नका. वीस हजार घरं आहेत, लोक धरून बसतात. म्हणायचं, वी विल फॉलो अप. सुलभाताईंनी ते घोटून घेतलं. त्यानंतर त्या कुणाच्याही दारातून निघताना फॉलो अप म्हणू लागल्या, आणि खरं सांगायचं तर कामं पूर्वीपेक्षा जास्त व्हायला लागली. पत्रं जायची, उत्तरं यायची, लिफ्ट आता प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली. फक्त त्या स्वतः यायच्या बंद झाल्या. "युअर फ्रेंड बिग ऑलरेडी," गोह आंटी मला म्हणाल्या. पुढे आंटी आपल्या मुलाकडे, चोआ चू कांग नावाच्या वस्तीत, राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला बार्लीची एक पिशवी दिली. कुणासाठी ते सांगितलं नाही.

दोन हजार सातच्या डिसेंबरात पद्माकरराव जहाजावरून उतरले ते कायमचे. विमानतळावर सुलभाताई गेल्या होत्या, फुलं घेऊन. दोनच तास होते त्यांच्याकडे, संध्याकाळी कसलंसं उद्घाटन होतं.

मला वाटलं होतं, जहाजावरचा माणूस, फ्लॅटमध्ये कसा रमणार. ते रमले. पहिल्या आठवड्यात त्यांनी नवव्या मजल्यावरच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मासळीबाजारात ओळखी केल्या. इथे सुरमईला बतांग म्हणतात, हे आठ वर्षं राहूनही मला माहीत नव्हतं ते त्यांनी मला सांगितलं. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं, "यू आर मिस्टर सुलभा, आह?" तर म्हणाले, "येस. नाऊ परमनंट."

एकच गोष्ट त्यांना दुरुस्त करता आली नाही. तरुणपणी कितीतरी वर्षं जहाजावर त्यांचा वॉच, म्हणजे कामाची पाळी, पहाटे चार ते आठ असायचा. पुढे चीफ इंजिनिअर झाले, वॉच सुटला, पण पावणेचारला डोळा उघडतो तो उघडतोच. त्यामुळे रात्री साडेआठ-नऊला माणूस गाढ. सुलभाताई परत यायच्या अकराला. सकाळी त्या उठायच्या तेव्हा हे बाजारात. परत येईपर्यंत त्या एका कानाला फोन लावून, दुसऱ्या कानात कुडं अडकवत निघालेल्या.

"वहिनी, आम्ही एकाच जहाजावर आहोत," ते मला एकदा म्हणाले, "फक्त वॉच वेगळे. ती उतरते तेव्हा मी चढतो. जहाजावर निदान वॉच बदलताना दोघं पाच मिनिटं बोलतात. कुठला पंप तापलाय, कुठे गळतंय, ते सांगावंच लागतं."

"मग जागत बसा की."

"बसलो होतो. सोफ्यावर झोपलेला सापडलो. तिनं पांघरूण घातलं. सकाळी मला पांघरूण दिसलं, ती नाही दिसली."

मैत्रेयी आता मोठी झाली होती, बापाला म्हणायची, "पप्पा, यू जस्ट टेल हर, लाह." ते हसून विषय बदलायचे.

सुलभाताईंना कळत नव्हतं असं नाही. एका दुपारी कुठल्याशा कार्यक्रमाला जाताना गाडी थांबवून त्या माझ्याकडे दहा मिनिटांसाठी आल्या, माझ्या बिछान्यावर आडव्या पडल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "शुभदा, घरी गेलं की त्याच्या बोटांना लसणीचा वास येतो. झोपलेला असतो, मी हात हुंगते आणि झोपते. माझ्या घरात आज काय झालं होतं ते मला असं कळतं." मग उठल्या, केस सारखे केले, आणि फॉलो अप म्हणाल्या. माझ्याशी.

पद्माकरराव बातम्या लावून बसायचे. संसदेचं कामकाज दाखवतात त्यात सुलभाताई कधी अर्धा मिनिट, कधी एक. आवाज मोठा करायचे. "सर्दी झालीय हिला," असं एकदा म्हणाले. मला तर काहीच वेगळं वाटलं नव्हतं. पण त्यांनी आल्याचा, गवती चहाचा काढा केला, थर्मासमध्ये भरला आणि माझ्याकडे दिला. सोमवार होता.

सोमवारचं सांगायला हवं. इथे प्रत्येक खासदार आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या भागातल्या लोकांना भेटतो. आमच्याकडे सोमवार, साडेसातपासून, आमच्यापासून चार ब्लॉक पलीकडे, तळमजल्यावरच्या बालवाडीत. लोक येतात, नंबर घेतात, आपली अडचण सांगतात. आमच्यासारखे स्वयंसेवक ती लिहून घेतात, मग कागद आत खासदारांकडे जातो आणि माणूसही. कुणाला घर हवं असतं, कुणाच्या व्हिएतनामी बायकोचा इथे राहायचा पास संपत आलेला असतो, कुणाचा मुलगा सैन्यातून पळालेला असतो. लोक बालवाडीच्या बुटक्या, रंगीत खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. मी तिथे पहिल्यापासून पत्रं लिहीत आले. कामं आटोपली की एक सहकारी सुलभाताईंना गाडीत घालून घरी सोडतो. पायी सात मिनिटांचं अंतर, पण गाडीतही दोन फोन होतात.

दर सोमवारी थर्मास माझ्या हातून जायला लागला. सुलभाताई अर्ज वाचता वाचता झाकणातून घोट घ्यायच्या. चांगला झालाय, सांग त्याला, म्हणायच्या. मी मंगळवारी सांगायची. असा वर्षभर त्यांचा संसार थोडासा माझ्या हातून चालला होता.

दोन हजार नऊच्या सुरुवातीला बातमी आली की सुलभाताईंना एका मंत्रालयात पार्लमेंटरी सेक्रेटरी नेमलंय. मंत्र्यांच्या खालची जागा, पण देशाचं काम. परदेश दौरे, बैठका. पेपरात फोटो आला. आमच्या मराठी मंडळात पेढे वाटले. प्रबोध म्हणाले, "सही मागायला आलेल्या बाई आता सह्या करणार." पद्माकररावांनी तो फोटो कापून फ्रिजवर लावला आणि मला विचारलं, "वहिनी, सोमवार बंद होणार नाही ना?"

"नाही हो. सोमवार सगळ्यांना असतो. मंत्र्यांनाही."

"ठीक," ते म्हणाले.

त्याच्या पुढच्याच सोमवारी, साडेआठ वाजायला आले असताना, मी अर्जातून मान वर केली आणि नंबर पुकारला, अडतीस. कोपऱ्यातल्या लाल खुर्चीवरून पद्माकरराव उठले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. चेहऱ्यावर झोप दिसत होती, हा त्यांचा झोपायच्या तयारीचा वेळ.

ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मी हळूच म्हटलं, "भाऊजी, थर्मास द्या, मी आत नेते."

"थर्मास नाही आणला. नंबर घेतलाय."

"काय हे, लोक हसतील."

"तासभर बसलोय, कुणी हसलं नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, तुमचं काय, पार्किंगचा दंड का. म्हटलं, त्यासारखंच."

मागे दहा माणसं होती. आतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून सुलभाताईंचा आवाज येत होता, कुणाला तरी समजावत होत्या. पद्माकररावांनी एकदा तिकडे पाहिलं.

"घरीच सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"घरी कसं सांगू, वहिनी? अठरा-वीस वर्षं मी येतो म्हणून निघून गेलो. तिनं एका शब्दानं अडवलं नाही. मी सुट्टीवर यायचो, जेवढं मिळायचं तेवढं घ्यायची. आता मी तोंड उघडलं तर तिला वाटेल, हा बोलून दाखवतोय. उद्या सकाळी ते नवं पद सोडून घरी बसेल. ओळखतो मी तिला. ते मला नकोय. चांगलं काम करते ती." त्यांनी नंबराचा कागद टेबलावर सरळ केला. "इथे बरं आहे. इथे सगळेच मागतात. कागद आत जातो, तिला हो म्हणता येतं, नाहीही म्हणता येतं. नाही झालं तर पुढच्या महिन्यात परत नंबर घ्यायचा. लोक घेतात की."

मी कोरा अर्ज ओढला. नाव लिहिलं. ब्लॉकचा नंबर मला पाठच होता, आमचाच. मग अर्जाच्या विषयाशी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले. "सोमवारी इथलं काम संपलं की तिनं गाडीत बसू नये. माझ्याबरोबर घरापर्यंत चालत यावं."